आधी काय हवंय ते सांगा : ऑफिसात थोडक्यात आणि समोरच्याला पटेल असं कसं बोलायचं

सहाव्या स्लाइडला साहेब उठले. त्यांना फोन आला होता, आणि तो संपवून ते गेले ते थेट पुढच्या मीटिंगला. माझ्या एकूण २२ स्लाइड्स होत्या आणि मला जे मागायचं होतं ते २१ व्या स्लाइडवर होतं.

रबाळे एमआयडीसीतली मध्यम आकाराची कंपनी, मी मेंटेनन्सला, आणि विषय होता एअर लाइनमधल्या, म्हणजे कॉम्प्रेसरची दाबलेली हवा मशीनपर्यंत नेणाऱ्या पाइपांमधल्या, लीकेजचा. तीन आठवडे रात्री जागून ते प्रेझेंटेशन केलं होतं, कॉम्प्रेसर कसा चालतो इथपासून सुरुवात, मग आमच्या प्लांटचा लेआउट, मग लीकेजचे प्रकार, मग फोटो, मग ग्राफ, आणि मग कुठेतरी शेवटी पैसे किती लागतील ते. तेव्हा साहेबांचा खूप राग आला होता, ठाण्याला घरी पोचेपर्यंत डोक्यात तेच. आता इतक्या वर्षांनी, स्वतः दुसऱ्यांची प्रेझेंटेशन्स ऐकायच्या खुर्चीत बसल्यावर, कळतं की त्यांच्याकडे वीस मिनिटं होती आणि त्यांना जे आधीच माहीत होतं तेच मी त्यांना समजावत बसलो होतो.

ऐरोली, महापे, वागळे इस्टेट, बेलापूर, कुठेही जा, काम उत्तम येणारी पण मीटिंगमध्ये ज्यांचं कोणी ऐकून घेत नाही अशी माणसं भरपूर भेटतात. त्यांच्यात हुशारी कमी नसते, क्रम चुकतो. तो क्रम कसा लावायचा ते लिहितोय, जे मला उपयोगी पडलं आणि आमच्या टीममधल्या नव्या मुलामुलींना शिकवताना जे टिकलं तेवढंच.

तोंड उघडण्याआधी एक वाक्य

कागद घ्या आणि लिहा : "माझं ऐकून झाल्यावर समोरच्याने अमुक करावं." त्या अमुकच्या जागी एक क्रियापद यायला हवं. मंजूर करावं, दोनपैकी एक निवडावं, एक माणूस द्यावा, काम थांबवावं, तारीख पुढे ढकलावी. "फक्त माहिती असू द्या" हेही चालतं, पण मग तसं स्पष्ट सांगायचं म्हणजे समोरचा उगाच निर्णयाच्या तयारीत बसत नाही.

"चर्चा करावी" हे त्या जागी चालत नाही. चर्चा कशासाठी, तिच्यातून काय निघायला हवं, ते लिहा. "लीकेजवर बोलायचं होतं" आणि "दीड लाख मंजूर करा आणि एका रविवारचं शटडाऊन द्या" यातलं दुसरं वाक्य माझ्याकडे पहिल्या दिवशी असतं तर २२ स्लाइड्स झाल्याच नसत्या, कारण ते वाक्य समोर ठेवल्यावर कुठली स्लाइड लागते आणि कुठली नाही हे आपोआप दिसतं. कॉम्प्रेसर कसा चालतो हे कळल्याने दीड लाख मंजूर होत नाहीत, मग ती स्लाइड कशाला?

हे वाक्य लिहिताच येत नसेल तर मीटिंग लावू नका, अजून तुमचंच ठरलेलं नाहीये. अशा वेळी एखाद्या सहकाऱ्याबरोबर चहा घेत बोला, मोकळं बोला, लांबलचक बोला, त्यातूनच ते वाक्य सापडतं.

रजेचा अर्ज आठवा

शाळेत आपण सगळ्यांनी पत्रलेखन केलंय. विषय : दोन दिवसांची रजा मिळण्याबाबत. बघा, काय हवंय ते वरच, "महोदय"च्याही आधी. बाईंनी पुढचं काही वाचलं नाही तरी त्यांना कळतं की या पोराला दोन दिवस सुट्टी पाहिजे. इतकी चांगली सवय शाळेतच लागली होती आणि नोकरीला लागल्यावर आपण ईमेलच्या सब्जेक्टमध्ये "रिगार्डिंग कॉम्प्रेसर" किंवा नुसतं "अर्जंट" असं लिहायला लागतो.

सब्जेक्टमध्ये मागणी, आकडा आणि तारीख तिन्ही बसतात : "मंजुरी हवी : एअर लीकेज दुरुस्ती, दीड लाख, शुक्रवारपर्यंत". साहेब वाशी पुलावर ट्रॅफिकमध्ये अडकलेले असले तरी फोनच्या नोटिफिकेशनवर एवढं वाचून "ओके" टाइप करू शकतात.

अमेरिकन लष्कराच्या पत्रव्यवहारात तर हा नियमच आहे, मुख्य मुद्दा सर्वांत आधी, बाकी सगळं त्याच्या खाली. पेपरातली बातमीही तशीच, हेडिंग आणि पहिल्या दोन ओळींत काय घडलं ते, तपशील नंतर. आणि आपल्या स्टेशनवरचा इंडिकेटर बघा, गाडी कुठे जाणार, किती वाजता, फास्ट की स्लो, किती डब्यांची. धावतपळत आलेल्या माणसाला उभं राहायचं की निघायचं हे ठरवायला एवढंच लागतं.

आपण मात्र नमनालाच घडाभर तेल घालतो. यामागे दोन गोष्टी असतात असं मला वाटतं. एक म्हणजे संस्कार, एकदम मागणं उद्धटपणाचं वाटतं, घरी कोणाकडे पैसे मागायचे तरी आधी तब्येतीची चौकशी. दुसरी भीती, की कारणं आधी नाही सांगितली तर समोरचा पटकन "नाही" म्हणेल. पण होतं उलटंच. मागणी माहीत नसताना कारणं ऐकणारा माणूस अस्वस्थ असतो, हा कुठे घेऊन चाललाय ते त्याला कळत नाही, तो प्रत्येक वाक्याला शंका काढतो. मागणी आधी कळली की तीच कारणं तो त्या मागणीला लावून बघतो. "आधी कळस मग पाया" असं आपण चूक दाखवायला म्हणतो, बोलण्यात मात्र आधी कळसच दाखवायचा, कुठलं देऊळ आहे ते लांबून कळलं पाहिजे.

आदर सोडायचा नाहीये. "सर, दोन मिनिटं हवीत, एक मंजुरी मागायचीय" यात सगळा आदर आला आणि मागणीही आली.

एका ठिकाणी मात्र मी हा क्रम बदलतो. कोणाला वाईट बातमी सांगायची असेल, म्हणजे त्याने वर्षभर केलेलं काम बंद होतंय वगैरे, तर पहिल्याच वाक्यात तो घाव घालत नाही. बसवतो, एक वाक्य तयारीचं बोलतो, आणि दुसऱ्या वाक्यात सांगतो. दुसऱ्याच मात्र, दहाव्या नाही, कारण तोपर्यंत त्या माणसाला चेहऱ्यावरून कळलेलं असतं आणि तो तेवढा वेळ उगाच तडफडतो.

एक मेसेज जवळून बघू

असे मेसेज मला आठवड्याला दोन-तीन तरी येतात. नमुना म्हणून लिहितोय :

"गुड मॉर्निंग सर, काल नाइटला जरा प्रॉब्लेम झाला होता, ॲक्च्युअली २ नंबर मशीनला आधीपासूनच आवाज येत होता मी मागच्या आठवड्यात पण बोललो होतो, तर काल रात्री दोनच्या सुमारास ऑपरेटरचा फोन आला की मशीन बंद पडलंय, मग मी स्टोअरला विचारलं तर बेअरिंग स्टॉकला नाहीये, सकाळी व्हेंडरला फोन केला तो म्हणतो तुर्भ्याच्या गोडाऊनला आहे पण पेमेंट आधी पाहिजे, तर सर काय करूया?"

आणि हाच मेसेज नीट लावून :

"सर, ८,४०० रुपयांचं ॲडव्हान्स ११ वाजेपर्यंत ओके करा, म्हणजे २ नंबर मशीन संध्याकाळी चालू होईल. रात्री दोनला बेअरिंग गेलं, स्टॉकला नाही, तुर्भ्याला व्हेंडरकडे आहे. आज नाही मिळालं तर उद्याचं डिस्पॅच एक दिवस पुढे जाईल. कोटेशन जोडलंय."

दुसऱ्यात काय काय गळलं ते बघा. गुड मॉर्निंग गेलं, ठीक आहे. "ॲक्च्युअली" आणि "जरा" गेले. पण सगळ्यात महत्त्वाचं जे गळलं ते म्हणजे "मी मागच्या आठवड्यात पण बोललो होतो". हे वाक्य काढणं सगळ्यात जड जातं कारण ते आपल्या बचावाचं असतं. आपली बोलणी लांबतात ती माहितीमुळे कमी आणि स्वतःला सांभाळून घेण्यामुळे जास्त, माझी चूक नव्हती, मी सांगितलं होतं, मला उशिरा कळलं. यातलं काही खोटं नसतं, आणि त्याची नोंदही व्हायला हवी, पण ती वेगळी, मशीन चालू झाल्यावर, शांतपणे. मशीन बंद असताना साहेबाला हे ऐकवलं की त्याचं डोकं बेअरिंगवरून "म्हणजे हा मला दोष देतोय का" याकडे जातं, आणि ८,४०० रुपये राहतात बाजूला.

शेवटचं "काय करूया?" पण गेलं. तो प्रश्न टाकला की आपलं काम आपण वरच्याच्या टेबलावर नेऊन ठेवतो. त्याच्या जागी आपल्याला काय योग्य वाटतं ते लिहायचं. साहेबांना नाही पटलं तर ते बदलतील, पण त्यांना कोऱ्या पाटीवरून सुरुवात करायला लावू नका.

एक तपासणी सांगतो. लिहून झाल्यावर प्रत्येक वाक्यावर बोट ठेवा आणि विचारा, हे काढलं तर त्यांचा निर्णय बदलेल का? नाही बदलणार असेल तर काढा. पहिल्यांदा करताना जीव तुटतो, महिनाभराने हात आपोआप चालतो.

आकडा छोटाच द्या, पण उघडून दाखवा

पटवून देण्यात आकड्याचा वाटा मोठा आहे, पण कसा दिला त्यावर सगळं आहे. लीकेजचंच घेतो. ७ बार दाबाच्या लाइनला ३ मिलिमीटरचं एक भोक असेल तर त्यातून जाणारी हवा भरून काढायला कॉम्प्रेसरला ढोबळमानाने ३ ते ४ किलोवॅट जास्त खर्चावे लागतात. मी ३ च धरले. तीन शिफ्ट, वर्षाचे ३०० दिवस, म्हणजे ३ गुणिले २४ गुणिले ३००, २१,६०० युनिट. आम्हाला युनिट तेव्हा ९ रुपयांच्या आसपास पडत होतं. वर्षाला १,९४,४०० रुपये, एका भोकाचे, आणि ते भोक बॉलपेनच्या टोपणापेक्षा बारीक.

४ धरले असते तर अडीच लाखांच्या वर गेलं असतं आणि ऐकायला भारी वाटलं असतं. पण अकाउंट्सचा माणूस आकडा ऐकला की पहिल्यांदा तो फुगवलेला आहे का हेच बघतो, त्याचं कामच ते आहे. "मी कमीतला धरलाय, प्रत्यक्षात जास्तच वाचेल" असं म्हटलं आणि गुणाकार त्याच्यासमोर केला की तो तुमच्या बाजूने हिशोब करायला लागतो. एकदा तुमचा आकडा फुगलेला निघाला ना, पुढची दोन वर्षं तुमचे खरे आकडेही तो अर्धे करून ऐकतो.

आणि आकडा ज्याला सांगायचा त्याच्या भाषेत. अकाउंट्सला रुपये. प्रोडक्शनवाल्याला रुपयांशी देणंघेणं नसतं, त्याला सांगायचं की लांबच्या मशीनवर हवेचं प्रेशर कमी पडतं म्हणून क्लॅम्प नीट बसत नाही आणि जॉब, म्हणजे बनवलेले पार्ट, रिजेक्ट होतात. कॉम्प्रेसर सांभाळणाऱ्या युटिलिटीच्या माणसाला सांगायचं की लीकेज आहे म्हणून तुम्ही प्रेशरचं सेटिंग वाढवून ठेवलंय, ते १ बारने जरी खाली आणता आलं तरी कॉम्प्रेसरची ६ ते १० टक्के वीज वाचते. गोष्ट एकच, तीन माणसं, तीन वाक्यं. तिघांना तिन्ही ऐकवायची गरज नाही, आणि मीटिंगमध्ये तिघेही असतील तर निर्णय ज्याच्या हातात आहे त्याचं वाक्य आधी.

खात्रीचं काय आणि अंदाज काय हेही सांगून टाका. "हे मोजलंय, हे धरलंय" एवढं पुरतं. सगळ्याच वाक्यांना "बहुतेक", "मे बी", "आय थिंक" लावत बसलं की जे मोजलंय तेही डळमळीत वाटतं.

शक्य असेल तिथे ऐकवा

त्या फसलेल्या प्रेझेंटेशननंतर साधारण महिन्याने मी साहेबांना म्हटलं, सर, उद्या एक वाजता दोन मिनिटं शॉप फ्लोअरवर याल का, एक आवाज ऐकवायचाय. एक वाजता जेवणाची सुट्टी होते, सगळी मशीन्स थांबतात. ते आले. एरवी तिथे शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नाही, त्या दिवशी शांत, आणि त्या शांततेत चहूबाजूंनी सूंऽऽ असा आवाज. वर पाइपमधून, मशीनच्या मागून, कपलरच्या तोंडातून. मी बाटलीतलं साबणाचं पाणी एका जॉइंटवर मारलं, फेस फुगून आला आणि बुडबुडे फुटत राहिले. साहेब काही बोलले नाहीत. मग विचारलं, "हे असं चोवीस तास?" मी म्हटलं, हो सर, आणि अशा एका भोकाचे वर्षाला जवळजवळ दोन लाख. दीड लाख आणि एक रविवार द्या, सगळं लीकेज बंद करून देतो.

लिफ्टपर्यंत पोचायच्या आत हो म्हणाले. मला तेव्हा कळलं की पटवणं म्हणजे दरवेळी जास्त बोलणं नाही, ज्याने निर्णय घ्यायचा त्याला ती गोष्ट स्वतःच्या कानाने, डोळ्याने कळेल अशा जागी नेऊन उभं करणं. प्रत्येकाकडे असा आवाज नसतो हे मान्य, पण बहुतेक कामांत काहीतरी असतंच. बँकेच्या बॅक ऑफिसला असाल तर कस्टमरला जो फॉर्म भरावा लागतो तो साहेबांना स्वतःला भरायला द्या. ॲपवर काम करत असाल तर जे बटण सापडत नाही ते त्यांच्याच फोनवर शोधायला सांगा आणि गप्प बसा.

कारणं तीन, फार तर

माणसाच्या डोक्यात एका वेळी किती गोष्टी राहतात यावर बराच अभ्यास झालाय. १९५६ साली मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी सात, दोन इकडे-तिकडे, असं मांडलं होतं, नंतर २००१ मध्ये नेल्सन कोवन यांनी ती मर्यादा साधारण चारवर आणली. मीटिंगमध्ये समोरच्याच्या डोक्यात लंच, मुलाची परीक्षा, वरच्या साहेबाचा मेल हे आधीच बसलेलं असतं, मग तुमच्या नऊ मुद्द्यांना जागा कुठून मिळणार. तीन द्या. एकच दमदार असेल तर एकच द्या.

यात अजून एक गोम आहे जी मला उशिरा कळली. कमकुवत कारण जोडल्याने बाजू भक्कम होत नाही, उलट खचते. विरोध करणारा तुमच्या सगळ्यात लेच्यापेच्या मुद्द्यालाच धरतो आणि तो पाडला की सगळंच पडल्यासारखं दिसतं. आमच्याकडे एका मुलीने चांगलं सॉफ्टवेअर सुचवलं होतं, दोन मुद्दे बिनतोड, तिसरा "आणि त्याचा इंटरफेस पण छान आहे". पुढची दहा मिनिटं सगळे इंटरफेसच्या रंगावर बोलत होते.

स्लाइडवर काय वर आणि काय खाली

कल्पना चावला ज्या कोलंबिया यानात होत्या त्याची गोष्ट इथे सांगायलाच हवी. १६ जानेवारी २००३ ला उड्डाण झालं, जेमतेम ८२ सेकंदांत इंधनाच्या टाकीवरच्या फोमचा तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. यान वर असतानाच इंजिनिअर्सनी धोक्याचा अंदाज बांधला आणि तो मॅनेजर्सना स्लाइड्सवर दाखवला. त्यातल्या एका स्लाइडचं हेडिंग वाचलं तर सगळं ठीक असल्यासारखं वाटतं. तळाशी, सगळ्यात आतल्या बुलेटमध्ये, बारीक अक्षरात होतं की चाचण्या ज्या तुकड्यावर केल्या होत्या तो ३ घन इंचांचा आणि प्रत्यक्षातला अंदाजे १,९२० घन इंचांचा. म्हणजे ६४० पट. आधीच्या चाचण्यांवरून या वेळी काहीच ठामपणे सांगता येत नाही हा खरा मुद्दा होता, आणि तो शेवटच्या ओळीत होता. १ फेब्रुवारीला परतताना यान फुटलं, सातही जण गेले. अपघाताला कारणं अनेक होती, एका स्लाइडवर सगळं टाकता येणार नाही, पण चौकशी मंडळाने अहवालात टेक्निकल गोष्टी नीट लिहून काढण्याऐवजी पॉवरपॉइंटवर मांडायच्या सवयीवर स्पष्ट बोट ठेवलं होतं.

मी हे नव्या मुलांना मुद्दाम सांगतो. स्लाइडचं हेडिंग म्हणजे विषयाचं नाव नाही, हेडिंग म्हणजे निष्कर्ष. "टेस्ट डेटा" असं लिहू नका, "आपल्या टेस्ट या केसला लागू पडत नाहीत" असं पूर्ण वाक्य लिहा. सगळ्या स्लाइड्सची नुसती हेडिंग्ज एकाखाली एक वाचली तर तुमचं म्हणणं कळलं पाहिजे. धोक्याची गोष्ट असेल तर ती सगळ्यात वर, सगळ्यात मोठ्या अक्षरात, समोरच्याला आवडो न आवडो.

थोडक्यात म्हणजे तोकडं नाही, हेही यातूनच येतं. ॲमेझॉनमध्ये २००४ साली जेफ बेझोस यांनी वरिष्ठांच्या मीटिंगमधून पॉवरपॉइंट बंद करून लेखी टिपण आणायला लावलं, सहा पानांपर्यंतचं, आणि मीटिंगच्या सुरुवातीला सगळे ते शांतपणे वाचतात. सहा पानं म्हणजे कमी नाही. पण बुलेटच्या मागे लपता येतं, पूर्ण वाक्यात "म्हणून" आणि "कारण" लिहावंच लागतं, आणि तिथेच विचारातलं भोक सापडतं. म्हणून मी तपशील फेकून देत नाही, फक्त वेगळा ठेवतो. बोलायला एक मिनिट, हातात एक पान, आणि बॅगेत सगळी फाइल. विचारलं तर काढायची.

मीटिंगच्या आधीची मीटिंग

एक गोष्ट कोणी उघड बोलत नाही, निर्णय बऱ्याचदा मीटिंगच्या आधीच झालेला असतो. म्हणून ज्याचा विरोध होणार त्याला आधी एकट्याला गाठा. माझ्या बाबतीत प्रोडक्शन हेड. रविवारी शटडाऊन म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठी. साहेब हो म्हणाले होते, पण तारीख मीटिंगमध्ये ठरायची होती, तिच्या आदल्या दिवशी मी गेटबाहेरच्या टपरीवर त्यांना विचारलं, "सर, तुम्हाला यात काय खटकतंय?" ते म्हणाले रविवार दे, पण महिनाअखेरचा नको, डिस्पॅच असतं. बस, एवढंच होतं. मी तारीख बदलली आणि मीटिंगमध्ये तेच म्हणाले की महिन्याच्या दुसऱ्या रविवारी चालेल. हे चारचौघांत पहिल्यांदा निघालं असतं तर त्यांना "नाही"वर ठाम राहावं लागलं असतं, सगळ्यांसमोर कोण मागे घेतो.

आणि तुमच्या मागणीतला तोटा तुम्हीच सांगा, तोही आधी. "एक दिवस प्रोडक्शन बंद राहील, हे नुकसान आहे, मान्य." समोरच्याने तो काढला तर तुम्ही लपवत होतात असं दिसतं.

साहेबांशी सहमत नसाल तर मी शिकलेलं वाक्य असं आहे, "सर, मला वेगळं वाटतं, कारण एकच आहे." मग ते एक कारण. समोरचा ऐकतो, कारण त्याला माहीत असतं की हे लगेच संपणार आहे.

इंग्रजीचं

यावर मनापासून लिहावंसं वाटतं. नवी मुंबईत एका टेबलाला चार राज्यांची माणसं बसतात, मीटिंग इंग्रजी-हिंदीत चालते, आणि आपली मराठी माध्यमातली मुलं तिथे एकतर गप्प बसतात नाहीतर भारी इंग्रजी बोलायला जाऊन वाक्यात हरवतात. माझं ऐका, मागणीचं वाक्य आधी मराठीत तयार करा, घरी आईला सांगितलं तर तिलाही कळेल असं. मग त्याचं सर्वांत साधं इंग्रजी करा, आठ-दहा शब्दांचं, आणि तेवढं पाठ करा. बाकीचं मोडकंतोडकं आलं तरी चालतं, पहिलं वाक्य आणि आकडे नीट आले की समोरचा तुमच्या ग्रामरकडे बघत नाही. इंग्रजी अवघड झालं म्हणून विचार मोठा होत नाही.

सराव आणि गप्प बसणं

ठाण्याहून रबाळ्याला यायला गाडीत पाव तासही लागत नाही. त्यात मी मोबाईलवर एक मिनिटाचा टायमर लावून मनात म्हणणं मांडून बघायचो, संपलं नाही तर एक मुद्दा कापायचा आणि परत. स्टेशनवरून चालताना रेकॉर्ड करून ऐकलं तर अजून बरं, आपण किती वेळा "म्हणजे" आणि "तर" म्हणतो ते ऐकूनच सुधारतं. ऑनलाइन कॉलवर तर एक मिनिटही जास्त, पहिली तीस सेकंद धरा, नंतर लोक दुसऱ्या टॅबवर गेलेले असतात.

मागणी करून झाली की थांबा. हे फार कठीण आहे. समोरचा विचार करत असतो, शांतता असते, आणि ती सहन न होऊन आपण बोलायला लागतो, "नाही म्हणजे नाही जमलं तरी चालेल", "पुढच्या क्वार्टरला बघू", आणि मिळत असलेलं हातचं घालवतो. मनात दहापर्यंत मोजा. बोलू द्या त्यांना.

नाही म्हणाले तर नक्की कशाला नाही ते विचारा. पैशाला, वेळेला, की खात्री नाही म्हणून. पैशाला असेल तर छोट्या तुकड्यात मागा, वेळेला असेल तर तारीख मागा, खात्री नसेल तर एका मशीनवर करून दाखवायची परवानगी मागा. तिन्हींवरचं औषध वेगळं आहे, आणि न विचारता परत तीच स्लाइड नेली तर परत तेच उत्तर.

हो म्हणाले तर त्याच दिवशी, शक्यतो तासाभरात, लेखी टाका. कोणी काय ठरवलं, कोण करणार, कधीपर्यंत. तोंडी "हो" चार दिवसांत विरतो, त्यात कोणाचा वाईट हेतू नसतो, फक्त मधे शंभर गोष्टी येतात. मी त्या मीटिंगनंतर जिन्यात उभं राहूनच मेसेज टाइप केला होता :

"सर, आजचं ठरलेलं : एअर लाइन दुरुस्तीला दीड लाख मंजूर. शटडाऊन महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, सकाळी ८ ते संध्याकाळी ६, प्रोडक्शनची संमती आहे. मटेरियलची ऑर्डर मी उद्या सोडतो. सोमवारी एक वाजता फ्लोअरवर आवाज ऐकायला या."